तांबडी पुन्हा खाऊ लागली
मुंगसाच्या तावडीतून सुटलेल्या आमच्या तांबडी या कोंबडीने आज सायंकाळी भिजवलेल्या कण्या स्वतःच्या चोचीने टिपल्या आणि आईने शेजारच्या काकूंनाही हाक मारून ते दाखवले.

मानेला जखम असल्याने तिला खाली वाकता येत नाही, म्हणून वाटी विटेवर, तिच्या छातीच्या उंचीला ठेवतो. इतर कोंबड्या रक्त दिसले की त्याच जागी चोची मारत राहतात, त्यामुळे तिचा मुक्काम सध्या पडवीत, डालग्याखाली आहे. खरे जिकिरीचे काम पाणी पाजण्याचे. कोंबडीच्या जिभेच्या मागेच श्वासनलिकेचे तोंड असते आणि सिरिंजने पाणी थेट घशात सोडले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा आणि तिने मान वर करून तो गिळेपर्यंत थांबायचे, असे पशुवैद्यांनी दाखवून दिले.

गळ्याच्या पायथ्याशी असलेली अन्नाची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी लागली, तर अन्न पुढे सरकते आहे असे समजावे. सकाळीही ती फुगलेली असेल तर आणखी भरवू नये. त्यामुळे चहाच्या आधी ती पिशवी चाचपणे हा माझा नित्यक्रम झाला आहे. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून द्यावा, हे आईला अजिबात पटलेले नाही (कोंबडीला अंडे कसे चारायचे, हा तिचा सवाल), परंतु त्यातून प्रथिने चांगली मिळतात आणि तांबडीची तरी काही हरकत दिसली नाही. उद्या कण्यांत थोडी भिजवलेली बाजरी मिसळून पाहणार आहे.