ताटात उरलेलं मोजताना: आहारतज्ज्ञाच्या प्रशिक्षणाचा माझा अनुभव

पदवी हातात आली तेव्हा उष्मांकांची सूत्रं मला तोंडपाठ होती. हॅरिस-बेनेडिक्टचं १९१९चं, मिफ्लिन-सेंट जिओरचं १९९०चं. वजन, उंची आणि वय घातलं की गरज निघते. इंटर्नशिपला वॉर्डात गेले आणि सूत्रात आकडे घालण्याआधीच प्रश्न सुरू झाले. रुग्णाला उभंच राहता येत नसेल तर उंची कशी घ्यायची? कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजून अंदाज काढायचा. पायांवर सूज असेल तर काट्यावरचं वजन किती खरं? त्यात साठलेलं पाणीही असतं, म्हणून दंडाचा घेर बघायचा, सैल झालेले कपडे बघायचे, घरच्यांना विचारायचं.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमचा एका गोष्टीवर फार कटाक्ष होता. मूल्यमापन, पोषण-निदान, उपाययोजना, पाठपुरावा हे चार टप्पे पुस्तकात सगळेच वाचतात. पण फाइलमध्ये नुसतं ‘कुपोषण’ लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. “कशामुळे आणि कशावरून, तेही लिही,” असं म्हणून त्या फाइल परत द्यायच्या. गिळता येत नाही म्हणून न खाणारा रुग्ण आणि भूकच लागत नाही म्हणून न खाणारा रुग्ण, दोघांचंही वजन सारखंच उतरतं. पण पहिल्याला अन्नाचा घट्टपणा बदलून द्यावा लागतो, गिळण्याची तपासणी लागते. दुसऱ्याला थोडं थोडं, वारंवार आणि जास्त उष्मांकांचं लागतं. त्या एका वाक्याने मला विचार करायला शिकवलं.

मागच्या चोवीस तासांत काय खाल्लं, हे विचारणं सोपं वाटतं. पहिल्यांदा रुग्ण जे सांगतो ते मध्ये न बोलता उतरवून घ्यायचं. मग सुटलेलं शोधायचं: गोळीबरोबर घेतलेलं दूध, रात्री जाग आल्यावर तोंडात टाकलेलं काही. मग वेळ, प्रमाण, आणि शेवटी पुन्हा सगळं वाचून दाखवायचं. इतकं करूनही माणसं खातात त्यापेक्षा कमी सांगतात. शरीर खरोखर किती ऊर्जा खर्च करतं हे मोजणाऱ्या अभ्यासांतून ते वारंवार दिसलंय. त्यात लबाडी असतेच असं नाही, आठवणच तशी असते.

मग रुग्णालयात काय होतं? तिथे तर अन्न आपणच देतो. यातूनच माझ्या संशोधनाचा विषय निघाला: ताटात किती उरतं आणि का उरतं. प्रबंध म्हणजे पदवीपुरती औपचारिकता, असं बरेच विद्यार्थी मानतात. मला ते मुळीच पटत नाही. बाकीच्या अभ्यासक्रमाइतकंच मी त्या प्रबंधातून शिकले.

नैतिकता समितीने संमतीपत्रावर बारकाईने प्रश्न विचारले. रुग्णाने नकार दिला तर त्याच्या उपचारात काहीच फरक पडणार नाही, हे वाक्य वर घ्यायला लावलं, आणि ते योग्यच होतं. पलंगावरच्या माणसाला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. नोंदीसाठी उरलेल्या अन्नाचे टप्पे ठरवले: काहीच नाही, पाव, अर्धं, पाऊण, सगळं. मी आणि मैत्रीण एकमेकींचं न बघता लिहायचो, मग जुळतंय का ते तपासायचो. काही ताटं वजनकाट्यावरही ठेवायचो, डोळ्यांचा अंदाज कितपत धरायचा ते कळावं म्हणून.

आकड्यांपेक्षा कारणांचा रकाना बोलका निघाला. ताट आलं तेव्हा रुग्ण तपासणीला गेलेला. तपासणी पुढे ढकलली, पण उपाशी ठेवण्याची सूचना तशीच राहिली. कवळी कपाटात. एका आजींच्या ट्रेवर दह्याची डबी तशीच होती. झाकण थोडंसं उचकटलेलं, त्यावर नखांच्या खुणा. फाइलमध्ये त्या जेवणापुढे ‘आहार दिला’ अशी नोंद होती. स्वयंपाकघराने बरोबर दिलं, मेनू बरोबर होता, पोटात मात्र काही गेलं नाही.

त्यानंतर मी फाइल वाचायचीच वेगळ्या नजरेने. एका रुग्णाला दाखल करून घेतलं तेव्हा दहाहून जास्त दिवस त्याच्या पोटात जवळपास काहीच गेलं नव्हतं. लवकर ताकद यावी म्हणून घरच्यांना भरपूर खायला घालायचं होतं. अशा वेळी एकदम पूर्ण आहार सुरू केला तर इन्सुलिन वाढतं. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, रक्तातली पातळी घसरते आणि हृदयावरही बेतू शकतं. म्हणून आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), रोज रक्ततपासणी, आणि सुरुवात दिवसाला किलोमागे १० उष्मांकांच्या आसपास. मॅडम आणि डॉक्टरांनी ठरवलेलं घरच्यांना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. उपाशी माणसाला कमी द्या, हे आईला सांगणं मला फार जड गेलं. मी त्यांना रोजचे रिपोर्ट दाखवत राहिले आणि आज किती वाढवलं ते सांगत राहिले.

नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेवर फारसं बोलणं झालंच नाही. एक शोधनिबंध पुढे ठेवला आणि विचारलं, यावरून तुम्ही वॉर्डातला आहार बदलाल का? नमुना किती, तुलना कोणाशी, वगळलेले रुग्ण कोण, हे मी त्याच क्रमाने बघत गेले आणि ‘एवढ्यावरून नाही’ म्हणाले. मग माझ्या कारणांच्या रकान्यावर बराच वेळ चर्चा झाली. रुजू झाल्यावर तो रकाना मी आमच्या वॉर्डाच्या आहार-नोंदीत घालून घेतला. आता इंटर्न आले की पहिली कामगिरी तीच असते: ताटं उचलण्याआधी वॉर्डात फिरायचं, प्रत्येक झाकण उघडलंय का बघायचं, आणि नसेल तर उघडून द्यायचं.