‘ग्रीस मारले’ म्हणजे नेमके काय केले?

गेल्या मे महिन्यात फोंडा तालुक्यातील एका औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर आम्ही चौघे सकाळी सातपासून गॅसच्या लाइनीवरचा एक व्हॉल्व्ह शोधत होतो. नकाशावर तो होता, नोंदवहीत होता आणि नोंदवहीवर विश्वास ठेवायचा तर मागील तीन वर्षे दर मे महिन्यात त्याला न चुकता ग्रीसही मारले गेले होते. रस्त्यावर मात्र त्याचा मागमूस नव्हता. शेवटी लोखंड शोधण्याचे यंत्र फिरवल्यावर रस्त्याच्या कडेला, हॉटमिक्सच्या थराखाली, चेंबरचे झाकण सापडले. तो थर दोन पावसाळ्यांपूर्वीचा असल्याचे समोरच्या कारखान्याच्या रखवालदाराने सांगितले. याचा अर्थ, देखभालीचा ठेका घेतलेल्या मंडळींनी निदान दोन वेळा डांबराच्या थरातून आरपार ग्रीस मारले होते. तिन्ही नोंदींत ग्रीसचे प्रमाण एकच, शाई एकच, आणि शेरा ‘व्यवस्थित’.

गॅसच्या लाइनीवर माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, पैकी पहिली रायगड जिल्ह्यात आणि नंतरची गोव्यात. निवृत्तीनंतरही अधूनमधून पाहणीसाठी बोलावणे येते. या काळात मी जितके अडलेले व्हॉल्व्ह पाहिले, त्यांतले वापरून झिजलेले फारच थोडे होते. बहुतेक सगळे न वापरल्यामुळे अडलेले होते. पाण्याच्या लाइनीवरची चावी गावातला व्हॉल्व्हमन रोज सकाळ-संध्याकाळ फिरवतो, त्यामुळे ती गळत असली तरी फिरते. गॅसच्या मुख्य लाइनीवरचा व्हॉल्व्ह मात्र वर्षानुवर्षे उघडाच असतो, आणि ज्या दिवशी तो बंद करण्याची वेळ येते त्या दिवशी खोदाईच्या यंत्राचा दात नळीत घुसलेला असतो. त्या क्षणी जवळचा व्हॉल्व्ह फिरला नाही, तर त्याच्या मागचा बंद करावा लागतो. मग नळीचा तेवढा जास्त तुकडा हवेत रिकामा होतो आणि तेवढे जास्त कारखाने व घरे गॅसवाचून राहतात.

गोव्यात हा प्रश्न तसा नवा आहे. दाभोळहून बंगळुरूकडे जाणारी पाइपलाइन २०१३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या फाट्याने गॅस गोव्यात आला. सांकवाळचा खत कारखाना नाफ्ता सोडून या वायूवर आला. शहर वितरणाच्या लाइनी त्यानंतर पडल्या. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक व्हॉल्व्ह अजून तरुण आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. शहर वितरणात पोलादी नळीतील दाब साधारण १९ ते ४९ बार असतो, पुढे पिवळ्या प्लास्टिकच्या नळीत तो ४ बारपर्यंत उतरतो आणि घरातल्या शेगडीपाशी २१ मिलिबार एवढाच उरतो. घरात ओट्यामागे असते ती पितळी चावी. तिला तेल किंवा ग्रीस लावण्याचा उद्योग घरच्यांनी करू नये. ती जड झाली तर कंपनीच्या माणसाला बोलवावे. माझे सांगणे पोलादी लाइनीवरच्या व्हॉल्व्हांपुरते आहे.

आता ‘ग्रीस मारणे’ या शब्दाकडे येतो, कारण अर्धी गडबड या शब्दातच आहे. आमच्या क्षेत्रात या एका शब्दाखाली तीन वेगवेगळी कामे लपतात. पहिले काम धुण्याचे, म्हणजे वाळलेले जुने ग्रीस आणि कचरा सैल करणारे पातळ क्लीनर आत घालण्याचे. दुसरे वंगणाचे, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवरून घसरावेत यासाठी. तिसरे सीलंटचे, म्हणजे चरा पडलेल्या जागेतून गॅस जाऊ नये म्हणून जड, टेफ्लॉनचे कण असलेला लगदा भरण्याचे. या तिन्ही वस्तू वेगळ्या आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. व्हॉल्व्ह थोडा गळतो असे दिसताच थेट जड सीलंट ठासणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला तपासण्याआधीच गुंगीचे औषध देणे होय. गळती त्या दिवशी थांबते, नोंदवहीत समाधान होते. पुढे तेच सीलंट अरुंद वाटांमध्ये घट्ट होऊन बसते आणि नंतर धुण्याचे औषधही आत जाऊ देत नाही.

व्हॉल्व्हच्या जातीप्रमाणेही काम बदलते. जुन्या पद्धतीच्या प्लग व्हॉल्व्हमध्ये निमुळता पोलादी प्लग तशाच निमुळत्या पोकळीत धातूला धातू लागून बसलेला असतो. मधे रबर नाही, प्लास्टिक नाही. तेथे गॅस अडवण्याचे काम प्लगवरच्या खाचांतून पसरलेला सीलंटचा पापुद्राच करतो. शिवाय प्लगखाली दाबाने शिरलेले सीलंट त्याला केसभर उचलून जागेवरून सोडवते. म्हणून हा व्हॉल्व्ह कोरडा फिरवणे हा गुन्हा आहे, कारण धातू धातूला ओरखडतो आणि नंतर कितीही ग्रीस घातले तरी ते व्रण भरून येत नाहीत. दर वेळी फिरताना थोडे सीलंट पुसले जाते, त्यामुळे फिरवल्यावर पुन्हा भरावे लागते.

बॉल व्हॉल्व्हचे, म्हणजे ज्यात आरपार भोक असलेला गोळा फिरतो त्याचे, तसे नाही. त्याच्या सीटमध्ये, म्हणजे गोळा ज्याला टेकतो त्या बैठकीत, टेफ्लॉन किंवा नायलॉनसारखे मऊ कडे असते आणि चांगल्या स्थितीत तो वंगणावाचूनही गॅस अडवतो. मोठ्या मापांत गोळा वरखाली आधारावर टेकलेला असतो आणि सीटच्या मागे सीलंट पोहोचवण्यासाठी निप्पल, म्हणजे बाहेरून गन लावायची लहान तोंडे, दिलेली असतात. ती अडचणीच्या वेळेसाठी आहेत खरी, पण वर्षानुवर्षे त्यातून काहीच गेले नाही तर अडचणीच्या वेळीही काही जात नाही. म्हणून वर्षातून एकदा थोडे हलके कृत्रिम वंगण आत सोडून त्या वाटा मोकळ्या ठेवायच्या. हे करताना गोळा पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असला पाहिजे. अर्धवट फिरलेल्या स्थितीत सीटचा काही भाग गोळ्याला टेकलेला नसतो, आणि घातलेले सगळे तेथून निसटून पोकळीत किंवा लाइनीत जाते. लाइनीत गेलेले ग्रीस पुढे गाळणीत, रेग्युलेटरमध्ये आणि मीटरमध्ये जाऊन बसते. एका कारखान्याचे रेग्युलेटर वारंवार बिघडत होते. उघडले तेव्हा आत आमच्याच व्हॉल्व्हमधले ग्रीस निघाले. ‘जास्त घातले तर काय बिघडले?’ या प्रश्नाला मी तेव्हापासून हे उत्तर देतो.

ग्रीस भरायच्या गनवरचा दाबाचा काटा हे माझ्या मते या कामातले सर्वांत बोलके साधन आहे, आणि अनेक ठेकेदारांच्या गनवर तोच नसतो. दोन-चार झटक्यांत काटा वर चढला आणि तिथेच थांबला, तर वाट बंद आहे असे समजावे. जोर लावू नये, क्लीनर घालून थांबावे. काटा चढून हळूहळू उतरला, तर पदार्थ सीटपर्यंत पोहोचतो आहे. आणि कितीही पंप मारला तरी काटा उठतच नसेल, तर सगळे कोठेतरी पुढे वाहून जाते आहे, तेव्हा हात आवरावा. हातपंपाची गन शेकडो बारचा दाब देऊ शकते. जोर आपल्या दंडात नसून यंत्रात असतो, हे विसरले की निप्पल फुटते.

निप्पलाविषयी एक सूचना मी प्रत्येक नव्या मुलाला देतो. त्याच्या आत एक लहान गोळी असते, ती गॅस उलट येऊ देत नाही. पण वाळलेले ग्रीस किंवा वाळूचा कण अडकला तर ती गोळी बसत नाही. म्हणून निप्पलाचे टोपण सावकाश, बाजूला उभे राहून, अर्धा आटा सैल करायचे आणि ऐकायचे. फुसफुस ऐकू आली व थांबली नाही, तर टोपण पुन्हा घट्ट करून वर कळवायचे. आणि लाइनीत दाब असताना संपूर्ण निप्पल पान्याने काढण्याचा मोह कधीही करायचा नाही. व्हॉल्व्हच्या शरीराच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या प्लगचेही तसेच आहे. त्याच्यासारखेच दिसणारे आणखी आटे तिथे असतात आणि चुकीचा आटा सैल करणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही.

आता पुन्हा फोंड्याच्या चेंबरकडे. डांबर फोडून झाकण उचलले तेव्हा आत कमरेइतके पाणी होते. जांभ्या जमिनीत पावसाळ्यात शिरलेले पाणी आणि वर डांबराचे सीलबंद छप्पर, मग ते वाळणार कसे? कामगारांपैकी पेडण्याचा एक तरुण थेट उतरायला निघाला, तेव्हा त्याला दोन गोष्टींसाठी अडवले. एक म्हणजे गॅस तपासणी: मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना पेटतो, आणि साचलेल्या चेंबरमध्ये प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असला तरी नाकाला काही कळत नाही. गॅसमध्ये वासासाठी मर्कॅप्टन मिसळलेले असते, पण नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावते. म्हणून नाकावर नव्हे तर मीटरवर विश्वास. दुसरी गोष्ट म्हणजे फुरसे. जांभ्याच्या कपारीत ते असते आणि हात आधी घालणाऱ्याला ते आधी भेटते. त्या दिवशी निघाले ते दोन बेडूक. पोराने हसून घेतले.

पाणी उपसल्यावर सहा इंची, गिअरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह दिसला. हँडव्हील दोघांच्या जोरानेही हलेना. “भाई, लांब पाइप लावून फिरवू या का?” असे त्या तरुणाने विचारले. या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘नाही’ असते, कारण लांब पाइप लावल्यावर जे तुटते ते अडकलेले नसून चांगले असलेले काहीतरी तुटते, बहुधा दांडा किंवा गिअरचे दाते. गिअरबॉक्सचे झाकण काढले तर आत ग्रीस आणि पाणी घुसळून पांढऱ्या लोण्यासारखे झालेले. गोव्यातल्या पावसाळ्यानंतर हे दृश्य मला नवे नाही. व्हॉल्व्ह उघडा की बंद हे दाखवणाऱ्या दर्शक काट्याच्या भोवतीचे रबरी कडे गेले की पाणी तिथूनच शिरते. ते सर्व काढून, गंज ब्रशने साफ करून, नवे ग्रीस आणि नवे कडे घातले. म्हणजे अडकला होता तो गिअरबॉक्स. व्हॉल्व्हचा दोष त्याहून लहान होता. अशा वेळी सीटमध्ये ग्रीस ठासून काय साधणार होते?

सीटच्या निप्पलात क्लीनर घालताना काटा लगेच चढला आणि थांबला. टोपणाखाली चिकटलेला थोडा काळपट लगदा दिसला, वास आणि रंगावरून गाडीच्या बेअरिंगचे साधे ग्रीस. म्हणजे पहिल्या वर्षी तरी कोणीतरी खरोखर ग्रीस मारले होते, फक्त चुकीचे. साध्या ग्रीसमधले तेल कालांतराने वेगळे होते आणि मागे उरतो तो त्याला घट्टपणा देणाऱ्या साबणाचा कोरडा भाग. गॅससोबत आलेले द्रव हायड्रोकार्बन त्याला आणखी धुतात. आम्ही थोडे क्लीनर घालून रात्रभर सोडले, दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले, आणि तिसऱ्या दिवशी काटा हळूहळू उतरताना दिसला.

त्यानंतर नियंत्रण कक्षाला कळवून व्हॉल्व्ह दहा-पंधरा अंश फिरवला आणि परत आणला. इतक्या फिरण्याने ग्राहकाचा पुरवठा तुटत नाही, पण अडकलेले सुटते आणि हाताला अंदाज येतो. अमेरिकेतील नियमांत लांब पल्ल्याच्या मुख्य पाइपलाइनीवरचे आपत्कालीन वापराचे व्हॉल्व्ह प्रत्येक वर्षी, आणि दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून अधिक अंतर न पडू देता, तपासून अंशतः फिरवावेत असे स्पष्ट लिहिले आहे. त्यात ‘फिरवावेत’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ग्रीस मारल्याची खोटी नोंद करणे सोपे आहे. पूर्वी किती फेऱ्यांना किती जोर लागला आणि आता किती, हे खोटे लिहायला निदान कल्पनाशक्ती तरी लागते.

पूर्ण बंद करून पाहण्याची संधी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मिळाली. व्हॉल्व्ह बंद करून पोकळीचा निचरा सावकाश उघडला, तेव्हा फुसफुस काही केल्या थांबेना, म्हणजे सीटवरून गॅस येतच होता. बरोबरच्या तंत्रज्ञाने लगेच सीलंटचा डबा उघडला. मी त्याआधी गिअरबॉक्सचा थांबा पाहायला सांगितले. थांब्याचा बोल्ट गंजून मूळ जागेवरून सरकला होता आणि गोळा एक-दोन अंश अलीकडेच थांबत होता. बोल्ट नीट बसवला, गोळा पूर्ण फिरला आणि आवाज बंद झाला. सीलंटचा डबा तसाच परत गेला. गळणारा म्हणून बदलायला काढलेले कित्येक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात फक्त पूर्ण बंद होत नव्हते, असे मी पूर्वीही पाहिले आहे. पुन्हा उघडताना मात्र आधी बायपासमधून, म्हणजे व्हॉल्व्हला वळसा घालणाऱ्या लहान नळीतून, दोन्ही बाजूंचा दाब समान केला, कारण दाबातला फरक तसाच ठेवून गोळा उघडला तर वेगाने सुटणारा गॅस मऊ सीट कुरतडतो.

हे सर्व काम मृगाच्या आधी उरकावे, असा माझा आग्रह असतो. गोव्यातली घरे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून आणि कौले शाकारून ठेवतात त्याच दिवसांत चेंबरेही उघडून, पुसून, टोपणे घट्ट करून ठेवली पाहिजेत. जून ते सप्टेंबर या काळात चेंबरमध्ये उतरणे म्हणजे पाणी उपसण्याचेच काम असते. चतुर्थीनंतर दुसरी फेरी करावी आणि त्या फेरीत फक्त गिअरबॉक्स व दर्शकाची कडी पाहावीत.

फोंड्याच्या त्या व्हॉल्व्हची नवी नोंद मी स्वतः लिहिली: कोणते क्लीनर किती, कोणते वंगण किती, काटा कोठे थांबला, हँडव्हीलच्या किती फेऱ्या, थांब्याचा बोल्ट कोणत्या बाजूला किती आटे फिरवला. ती पाऊण पान झाली. चेंबरची गळ्याची कड गवंड्याने रस्त्याच्या वर चार इंच उचलून दिली आहे आणि झाकणाला पिवळा रंग दिला आहे. रस्त्याचे काम करणाऱ्या खात्याला या चेंबरचे ठिकाण कळवणारे पत्र अजून द्यायचे आहे. ते पावसाआधी जायला हवे, कारण डिसेंबरमध्ये तिथे पुन्हा हॉटमिक्स होणार असल्याचे तो रखवालदार म्हणाला.