चोवीस मागांवरून आठ मागांवर

आमच्या कारखान्याला नाव मिळालं २००९ मध्ये, तेही बँकेच्या फॉर्मवर रकाना होता म्हणून. त्याआधीची पंचवीस वर्षं 'आण्णांचं शेड' एवढीच ओळख होती आणि तेवढ्यावर सुताची उधारी मिळायची.

आण्णा म्हणजे माझे वडील. बहात्तरच्या दुष्काळात दोन महिन्यांत परत येतो असं सांगून जत तालुक्यातून निघाले आणि इचलकरंजीचेच झाले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग लावला, तेव्हापासून या गावानं कोरडवाहू भागातल्या किती घरांना हात दिला त्याची मोजदाद नाही. आण्णांनी अकरा वर्षं दुसऱ्याचे माग चालवले. १९८४ मध्ये भाड्याच्या पत्र्याच्या शेडात जुने चार माग लावले आणि खर्चीवाले झाले. खर्चीवाला म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. माग, लाइट आणि कामगार आपले. मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबावर. चाराचे आठ, आठाचे चोवीस व्हायला पंधरा वर्षं गेली.

मी डिप्लोमा करून २००३ मध्ये शेडात आलो. १ जानेवारी २००५ ला जगातली कापडाची कोटा पद्धत, म्हणजे देशादेशांच्या कापड निर्यातीवरची मर्यादा, संपली. आता साऱ्या जगाचं मार्केट मोकळं झालं, अशी भाषणं गावात फार झाली. साध्या मागाच्या कापडाला त्याचा उपयोग नव्हता. खरेदीदाराला मोठ्या पन्ह्याचं, कमी फॉल्टचं कापड हवं होतं आणि आमच्या मागावर कांडी, म्हणजे धोट्यातली आडव्या धाग्याची नळी, संपली की कापडात रेघ उठायची. म्हणून २००९ मध्ये सरकारच्या तंत्रज्ञान सुधारणा योजनेतून कर्ज काढून युरोपातून आलेले सहा जुने रेपिअर, म्हणजे धोट्याऐवजी पट्टीनं आडवा धागा नेणारे माग, घेतले. तिकडच्या गिरणीनं टाकलेलं मशीन आमच्याकडं नवं म्हणून पुजलं गेलं. नारळ आण्णांनीच फोडला.

पण खरा बदल २०२२ चा. कापड विकलं जात होतं, माणसं मिळत नव्हती. माग चालवणाऱ्याचा पोरगा माग चालवायला तयार नाही. बारा तास उभं राहायचं, कानठळ्या बसवणारा आवाज, धोटा उडाला तर डोळा जायची भीती. त्याला दोष द्यायला मला तोंड नाही. माझाही मुलगा शेडात येत नाही. चोवीस मागांना दोन पाळ्यांत बारा कामगार लागायचे. शिवाय कांड्या भरणारे कांडीवाले, उभे धागे ओवणारा वहिफणीवाला, माग दुरुस्त ठेवणारा जॉबर. दिवाळीनंतर निम्मे परतायचेच नाहीत. त्याच तंत्रज्ञान योजनेच्या सुधारित आवृत्तीची मुदत ३१ मार्च २०२२ ला संपणार होती, बँकवाले मागं लागले होते. आठ एअरजेट, म्हणजे धोट्याविना चालणारे वेगवान माग, घेतले.

हिशेब सांगतो. साधा माग मिनिटाला एकशेचाळीस पीक टाकतो, एअरजेट सातशे. साध्या मागाचं बंद पडणं धरलं तर एका एअरजेटवर सहा मागांचं कापड निघतं. वर पन्हा दुप्पट, म्हणजे बाराचं म्हणा. आठ मशीन एक कामगार सांभाळतो. तीन पाळ्यांचे तीन, एक फिटर, एक हेल्पर. धागे जोडणारा गाठणीवाला येऊन-जाऊन.

चोवीसपैकी सोळा माग भंगारात गेले. गॅसकटरनं फ्रेम कापताना जॉबर मामा शेडाच्या दारात उभे होते. त्यांनी आयुष्यभर त्या मागांचे पट्टे बांधले, पिकर बदलले. वजनकाट्याची पावती आण्णांनी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "लोखंडाचा भाव बरा आलाय." उरलेले आठ माग मामांनी मागितले. त्यांची येणी होती, थोडे पैसे त्यांनी घातले आणि शेजारच्या कबनूरला भाड्याच्या जागेत लावले.

टॅरिफ, म्हणजे अमेरिकेचा आयात कर, हा शब्द आमच्याकडं कामाचा झाला तो २०२५ मध्ये. डॉलरमधलं बिल आम्ही आजवर एकदाही फाडलेलं नाही. आमचं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड व्यापाऱ्याकडं जातं, तिथून प्रोसेसला आणि मग चादरी शिवून अमेरिकेला पाठवणाऱ्या एक्स्पोर्टरकडं. मधे तीन हात. तरी २ एप्रिलला तिकडून भारतावर २६ टक्क्यांची घोषणा झाली आणि आठवड्यात ती तीन महिने पुढं ढकलली, तेव्हा आमच्याकडं उलटंच झालं: कामाची झुंबड. मुदतीआधी माल बोटीवर चढवायचा म्हणून व्यापारी रात्री अकराला फोन करायचा. जून-जुलैत एकही मशीन उभं नव्हतं. मी दोनशे बॅगा सूत जादा घेतलं. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

७ ऑगस्टला २५ टक्के लागू झाले, रशियन तेलाच्या नावाखाली २७ ऑगस्टपासून आणखी २५. बांगलादेश आणि व्हिएतनामवर तेव्हा वीस-वीस. व्यापाऱ्याचा फोन आला, या वेळी सकाळी दहाला. "बीमवर आहे तेवढं काढा. पुढचं बघू." बीम म्हणजे मागावर चढवलेला उभ्या धाग्यांचा रूळ.

'पुढचं बघू' हे या धंद्यात आण्णांनीही ऐकलं होतं. मंदीत त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: माग बंद. साधा माग बंद ठेवला तर खायला मागत नाही. पट्टा काढला, गोणपाट टाकलं, झालं. मजुरी पिकावर, पीक नाही तर मजुरी नाही. मंदीचा मार सगळा कामगारावर पडायचा, तो गावाकडं जायचा, मालक तरायचा. ही गोष्ट मी पूर्वी अभिमानानं सांगत असे, 'आम्ही एवढ्या मंद्या पाहिल्या' म्हणून. पाहिल्या आम्ही, भोगल्या कामगारांनी.

एअरजेट बंद ठेवलं तरी दहा तारखेला हप्ता जातो. आमचा तीन लाख चाळीस हजार. आणि कॉम्प्रेसर. हवेच्या झोतानं धागा पलीकडं जातो म्हणून याला एअरजेट म्हणायचं. ती हवा करणारा कॉम्प्रेसर आठ मशीनच्या बेतानं घेतलेला. तीनच मशीन चालली तरी त्याला वीज तीनच मशीनची लागते असं नाही, तो आपल्या तोऱ्यात असतो. सप्टेंबरात मी चालू मशीनची संख्या भिंतीवर खडूनं लिहायचो: पाच, चार, तीन. युनिट मात्र त्या पटीत उतरले नाहीत. माणसं कमी केली, आता कमी करायलाही माणूस उरलेला नाही. पाच जणांतून कोण काढू? फिटर गेला तर मशीनच गेलं.

त्यात १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी सरकारनं माफ केली. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. सूतगिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा आणि एक्स्पोर्टरला श्वास मिळावा हा हेतू. सुताचा दर किलोला चार-पाच रुपयांनी खाली आला. चांगलंच झालं म्हणायचं, पण गोदामात माझ्या दोनशे बॅगा जुन्या दराच्या. त्याच आठवड्यात डिप्लोमाच्या वेळचा रूममेट यवतमाळहून फोनवर उखडला. घरची वीस एकर कपाशी. "काय बे, तुह्या सुतापायी आमच्या कापसाची वाट लावली सरकारनं." लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, आणि बाजारात तेवढा मिळेल याची त्याला खात्री नव्हती. मी त्याला म्हणालो, माझंही नुकसानच झालंय. तो हसला. विश्वास बसला नसावा.

एकच ड्युटी, तिनं वरून कुणाला दाबायचं आणि खालून कुणाला उचलायचं हे ठरतं दिल्लीत आणि वॉशिंग्टनला, आणि ठरतं ते पंधरा दिवसांत. मशीनचं कर्ज सात वर्षांचं. २०२५ च्याच अर्थसंकल्पात कमी वेगाच्या रेपिअर आणि एअरजेट मागांवरची साडेसात टक्के आयात ड्युटी शून्य केली. मशीन घ्या म्हणून सांगणारे पुन्हा गावात फिरू लागले. शेजारच्या दोघांनी घेतलीही. मी त्यांना कॉम्प्रेसरचं बिल दाखवलं. त्यांनी चहा पाजला.

सप्टेंबरअखेर थोडी वाट निघाली. २२ तारखेपासून पॉलिस्टर आणि व्हिस्कोजच्या सुतावरचा जीएसटी १२ वरून ५ झाला, सुतात अडकणारा पैसा हलका झाला. तीन मशीन देशातल्या शर्टिंगकडं वळवली. नवी क्वालिटी बसवायला दहा दिवस, पहिला ताका सगळा सेकंडमध्ये, म्हणजे सदोष मालात. मीटरमागे मजुरी चादरीपेक्षा कमी. आज आठातली सहा चालतात.

दिवाळीच्या पाडव्याला कबनूरला मामांकडं गेलो होतो. त्यांचे आठही माग चालू. धोतर आणि लुंगीचं कापड, सगळं देशातच खपणारं. सगळा मिळून २७ अश्वशक्तीच्या आतला जोड, म्हणून लाइट स्वस्त. एका पाळीला स्वतः उभे राहतात, दुसऱ्या पाळीला जावई. वय बासष्ट. महिन्याकाठी हातात काय राहतं विचारलं तर त्यांनी आकडा सांगितला. माझ्या फिटरच्या पगाराहून कमी होता. ऐकू कमी येतं, त्यामुळं ओरडूनच बोलतात.

"मालक, तुमची दोन मशीन उभी आहेत म्हणं. माझ्या व्यापाऱ्याला सांगू का? चार बीम देईल."

मी बीमवरचा एक धागा बोटाला गुंडाळून ओढला. हलक्या सुताचा, जाडबारीक, जागोजागी गुठळ्या. आमच्या मशीनवर हा तासभरही निभावला नसता. धागा तुटून दर मिनिटाला लाल दिवा लागला असता. तसं मी मामांना सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला, मग मी पुन्हा ओरडून सांगितलं. तेवढ्यात चौथ्या मागाची कांडी संपली आणि ते तिकडं गेले.