पूजा सांगता, मग पत्रिका का नाही बघत?

सत्यनारायणाची आरती होते, प्रसादाच्या वाट्या फिरू लागतात, आणि कुणीतरी माझ्या शेजारी येऊन बसतं. आवाज जरा खाली आणून विचारतं, "काकू, तुम्ही पत्रिकाही बघता ना?" मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "पूजा सांगता, एवढा देवधर्म करता, आणि ज्योतिष मानत नाही? असं कसं?" पुण्यात पौरोहित्य करायला लागून मला बावीस वर्षं झाली. दक्षिणा कधी उशिरा मिळते, हा प्रश्न मात्र वेळेवर येतो.

आधी कबुली देते. पंचांगाशिवाय माझं पान हलत नाही. सोलापूरचं दाते पंचांग कायम पिशवीत असतं. आचमन झालं की मी तुमच्याकडून संकल्प म्हणवून घेते, तो कधी नीट ऐकलात का? भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. चंद्र कोणत्या राशीत, सूर्य कोणत्या, गुरू कोणत्या, हेही येतं. पण त्यात ग्रहांकडे काही मागणं नसतं. पाकिटावर पत्ता लिहावा, तशी ती नोंद असते. एवढ्या अफाट काळात, एवढ्या मोठ्या पृथ्वीवर, अमक्या गोत्राचा मी आत्ता इथे बसलो आहे, एवढंच सांगायचं आणि पळीभर पाणी ताम्हनात सोडायचं. प्रमोशन कधी होईल, असं त्या गुरूला कुणी विचारत नाही. माझ्या मते धर्म आणि ज्योतिष यांची खरी गाठ या पाण्यात आहे.

जुना संबंधही असाच होता. ज्योतिष हे सहा वेदांगांपैकी एक, ते यज्ञाची वेळ चुकू नये म्हणून. लगधाचं वेदांगज्योतिष हा एवढासा ग्रंथ. ऋग्वेदाच्या पाठात श्लोक अवघे ३६. पाच वर्षांचं युग, २७ नक्षत्रं, तिथी, अयनं, सगळा हिशेबच. त्यात मेष-वृषभ नाहीत, लग्नकुंडली नाही, साडेसाती तर नाहीच. बारा राशी आणि जन्मपत्रिका पुढे यवनांशी, म्हणजे ग्रीकांशी, संबंध आला तेव्हा रुजल्या. होरा, केंद्र, पणफर हे शब्द त्यांचेच. पत्रिकेतल्या सातव्या घराला, ज्यावरून तुम्ही मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारता, जामित्र म्हणतात. तो ग्रीकांचा 'दिआमेत्रोस', समोरासमोरचा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराला, एवढ्या मोठ्या ज्योतिषाचार्याला, याचा संकोच नव्हता. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यापाशी नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असं त्याने लिहून ठेवलं. बाहेरून आलं म्हणून ते टाकावं, असं मी मुळीच म्हणत नाही. उपासाचा बटाटाही बाहेरूनच आलाय.

माझं वाकडं आहे ते भीतीशी. वराहमिहिरानेच म्हटलंय की अंधारातल्या वस्तू दिव्याने दिसाव्यात, तसं हे शास्त्र मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ दाखवतं. दिवा वस्तू घडवत नाही. आपण मात्र दिव्यालाच घाबरून त्याच्या शांती करत बसलो. कालसर्पाच्या नावाने लोक हजारो रुपये खर्चून येतात, त्याचा बृहज्जातकात, म्हणजे वराहमिहिराच्या पत्रिकेवरच्या ग्रंथात, उल्लेखसुद्धा नाही. आणि मंगळ! तो १, ४, ७, ८, १२ यांपैकी कुठल्याही घरात असला की मुलगी मंगळाची. बारांतली पाच घरं झाली की ही. म्हणजे मांडवात जेवायला बसलेल्या दर बारा माणसांत पाचेक जण मंगळाचे निघतील, आणि ते श्रीखंड मागून घेत असतात.

माझ्या एका यजमानांच्या मुलीला याच मंगळापायी चार वर्षं नकार येत होते. पाचव्या वर्षी जमलं. मुहूर्त बारा सदतीसचा, काढून देणारे कुणी नावाजलेले ज्योतिषी. मी अंतरपाट घेऊन तयार, मुलगी गौरीहरापाशी बसलेली, आणि वरात कार्यालयाच्या दाराशी नाचतेय. नवरदेव बोहल्यावर आला तेव्हा दीड वाजायला आला होता. त्याची आई माझा हात धरून म्हणाली, "अहो, मुहूर्त टळला. आता काय करायचं?"

मी म्हटलं, "मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं ऐका फक्त." तुम्हीही ते शेकडो वेळा ऐकलंय, पण त्या वेळी तुमचं लक्ष मुठीतल्या अक्षतांकडे असतं, किंवा पंगतीकडे. 'तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव, विद्याबलं दैवबलं तदेव, लक्ष्मीपते तेंऽघ्रियुगं स्मरामि.' विष्णूच्या पायांची आठवण होते तेच लग्न, तोच चांगला दिवस, तेच ताऱ्यांचं आणि चंद्राचं बळ. महिनाभर पंचांगं चाळून, दोन ज्योतिषांना भांडायला लावून काढलेला मुहूर्त, आणि ऐन त्या क्षणी आपण मोठ्याने गातो ते हे. ज्याने कुणी हा श्लोक तिथे ठेवला, त्याला मी मनात नमस्कार करते. तुकोबांनी तर सरळच सांगितलं, 'तुका म्हणे हरिच्या दासां । शुभ काळ अवघ्या दिशा ॥'

बाईंनी ऐकलं, मान डोलावली, आणि विचारलं, "तरी एखादी शांत करून घ्यावी का?"

मला त्यांचा राग आला नाही. येणार कसा? माझा मुलगा डेंग्यूने अतिदक्षता विभागात होता. तिसऱ्या रात्री प्लेटलेट आणखी घसरल्या. स्तोत्रं सगळी पाठ होती, पण एकही ओठावर येईना. रात्री दोन वाजता मी वाईला सासऱ्यांच्या चुलतभावांना फोन लावला. काका पत्रिका बघतात. मी, जी एवढी वर्षं लोकांना नाही म्हणत आले, रडत म्हणाले, "काका, त्याची पत्रिका बघता का जरा?"

"गुरूची दृष्टी आहे गं. काही होत नाही. झोप तू."

मी तिथेच बाकावर झोपले. मुलगा बरा झाला, आता इंजिनिअर आहे. एवढ्या रात्री, अर्ध्या मिनिटात, काकांनी पत्रिका कुठून काढली असेल, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.