जुनी, नवी आणि मधले चोवीस सेक्टर

कंपनीकडून उत्तर आलं, चांगलं चार परिच्छेदांचं. आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, वगैरे. मुद्दा शेवटच्या ओळीत होता: या मीडिया प्लेअरची हार्ड डिस्क बदलून मिळत नाही, नवा प्लेअर घ्यावा, जुना रिसायकलिंगला द्यावा.

मी ती ओळ तीनदा वाचली. प्लेअर ठणठणीत होता. आतली डिस्क फक्त टक्-टक् करायला लागली होती आणि मेन्यू उघडायला चहा होईल इतका वेळ लागत होता. अडीच इंची, लॅपटॉपमध्ये असते तसली साधी साटा डिस्क. ती जगात कुठेही मिळते. म्हणजे चप्पलचा अंगठा तुटला म्हणून गेलो, तर समोरचा हसतमुखाने म्हणतोय, पाय नवा घ्या. बरं, भांडावं तर कुणाशी? इथे सगळे इतके नम्र असतात की आवाज चढवायला जागाच राहत नाही. आपल्याकडे निदान समोरचा "ठेवून जा, बघतो" म्हणतो. मग बघत नाही, ती गोष्ट वेगळी.

रात्री फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "स्क्रूने बसवलीय ना? मग स्क्रूनेच निघेल."

बॅकअप नव्हता का, असं विचारणाऱ्यांसाठी: होता. तीन वर्षांपूर्वीपर्यंतचा. पुढे जाऊ या.

त्या डिस्कवर दर सुट्टीत घरी काढलेले व्हिडिओ आहेत. कुणी मुद्दाम काढलेले नाहीत, फोन टेबलावर उभा करून विसरून गेलेले. कोण कुणाशी काय बोलतंय कळत नाही आणि वरून पंख्याचा आवाज. ते मी कसेही उतरवून घेतले असते. पण बाबा इथे चार महिने राहिले तेव्हा रोज दुपारी रिमोट त्यांच्या हातात असायचा. त्यांनी फोल्डर स्वतःच्या हिशेबाने लावले आणि कुठला कार्यक्रम किती मिनिटांवर सोडला हे त्या प्लेअरने नोंदवून ठेवलं. नुसत्या फायली कॉपी केल्या असत्या तर व्हिडिओ वाचले असते, ही नोंद गेली असती. बायको म्हणाली, अर्धवट सोडलेले कार्यक्रम वाचवायला एवढा खटाटोप? मी म्हटलं, नाही, पैसे वाचवायला. नंतर हिशेब केला तर पैसे काही फार वाचले नाहीत.

कोरी डिस्क घालून भागत नाही, हे आधी समजून घ्यावं लागलं. माझ्या प्लेअरच्या डिस्कवर तीन पार्टिशन, म्हणजे वेगळे पाडलेले कप्पे, होती. पहिलं जेमतेम २५६ एमबीचं. मेन्यू, सेटिंग आणि बाबांच्या नोंदी सगळं त्यात. दुसरं स्वॅपचं, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या तात्पुरत्या जागेचं. तिसऱ्यात उरलेली सगळी जागा, म्हणजे आपले व्हिडिओ. कोण कुठून सुरू होतं याचा तक्ता डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये असतो. त्यातले ६४ बाइट तक्त्याचे, १६ बाइटची एक अशा चार ओळी. त्या ओळी नसतील तर प्लेअरच्या लेखी डिस्क कोरी. म्हणून फायली नव्हे, सेक्टरला सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ५१२ बाइटचा एक तुकडा) लावून अख्खी डिस्क उतरवायची. जागा, क्रम, आयडी, सगळं जसंच्या तसं.

स्क्रू रबरी पायांच्या खाली लपवलेले निघाले. तेही आपल्या ओळखीचे नाहीत, सहा टोकांच्या चांदणीसारखे. मी स्वयंपाकघरातल्या सुरीच्या टोकाने प्रयत्न करून एक स्क्रू अर्धवट खराब केला. शेवटी शेजारच्या काकांचं दार वाजवलं. (काका मनातल्या मनात. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारतो आणि पाच वर्षं झाली तरी दर वेळी जीभ अडखळते.) त्यांनी काय, कशाला, काही विचारलं नाही. आत गेले, स्क्रूड्रायव्हरची डबी आणली आणि सोबत दोन डिस्क उभ्या खोचता येतील असा यूएसबी डॉक. "घाई नाही," एवढंच म्हणाले. कंपनीवर कालपासून जपून ठेवलेला राग मला तिथेच थोडा कमी करावा लागला.

नवी डिस्क १ टीबीची घेतली, पण जाडी बघून. प्लेअरच्या खाचेत ९.५ मिलिमीटरची बसते, मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क १२.५ च्या असतात. मग दोघींवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, 'जुनी' आणि 'नवी'. हे मुद्दाम सांगतोय. क्लोन करताना, म्हणजे अशी अख्खी डिस्क उतरवताना, कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते. प्रोग्राम हूं की चूं करत नाही, इमानदारीने सगळं पुसून टाकतो. काकांनी पट्ट्या बघून विचारलं, हे काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. त्यांच्या तोंडी 'जुनी' चांगली बसली, 'नवी'ची पार वाट लागली.

पहिली चूक मी तरीही केलीच. डॉक सवयीने विंडोजच्या लॅपटॉपला लावला. लगेच एकामागून एक खिडक्या उघडल्या, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? प्लेअर आतून लिनक्सवर (विंडोजसारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालतो आणि विंडोजला लिनक्सची पार्टिशन वाचता येत नाहीत, म्हणून ते मदतीला धावतं. माझं बोट एंटरवर होतं. वायरच उपटली.

मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यू लावलं, खराब डिस्क उतरवून घेणारा प्रोग्राम. साधं डीडी, म्हणजे लिनक्सचा नेहमीचा कॉपी करणारा प्रोग्राम, खराब सेक्टर आला की तिथेच मान टाकतं. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येईल तेवढं सगळं उचलतं, अडलेली जागा एका मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि नंतर तिथे पुन्हा पुन्हा जाऊन बघतं. मरायला टेकलेल्या डिस्ककडून काम करून घ्यायची हीच रीत, आधी सोपं, मग अवघड. मी आणखी एक केलं. सुरुवातीचा १ जीबीच आधी काढून घेतला, म्हणजे तक्ता आणि पहिलं पार्टिशन हाती लागलं. चाळीसेक सेकंदांत झालं, एकही चूक नाही. बाबांच्या नोंदी बचावल्या.

उरलेल्याला वेळ लागला. ५०० जीबीच्या डिस्कवर ९७ कोटी ६७ लाख ७३ हजार १६८ सेक्टर असतात, आणि हा आकडा कुठल्याही कंपनीच्या ५०० जीबीच्या डिस्कवर बहुतेक तोच निघतो, कारण क्षमतेवरून सेक्टर किती ठेवायचे याचं सूत्र कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलंय. ते ठरवता येतं, डिस्क बदलून देणं तेवढं जमत नाही. असो. यूएसबी २ वरून सेकंदाला ३० एमबी धरले तरी साडेचार तास, आणि पुढची रात्र नुसती अडलेल्या जागा खरवडण्यात गेली. डिस्कखाली ओला रुमाल घातलेली ताटली आणि समोर टेबल फॅन. शास्त्रीय आहे का विचारू नका.

सकाळी आकडा थांबला होता: २४ सेक्टर गेले. १२ केबी.

नवी डिस्क प्लेअरमध्ये घातली, चालू केला, ओळखीचा मेन्यू आला. बाबांनी सोडलेला कार्यक्रम उघडला तर ४१ मिनिटांपासून पुढे सुरू करू का, असं विचारलं. मी नाही म्हटलं आणि बाहेर पडलो. नव्या डिस्कची उरलेली अर्धी जागा मोकळी पडून आहे. तिसरं पार्टिशन वाढवता येतं, पण ते नंतर. आळस नाही, सावधपणा.

ते २४ सेक्टर कुठल्या फाइलमधले, हे शोधल्याशिवाय मात्र राहवेना. डीबगएफएस नावाचं लिनक्सचं एक अवजार आहे, त्याला ब्लॉकचा (म्हणजे काही सेक्टरांच्या गठ्ठ्याचा) नंबर दिला की फाइलचं नाव सांगतं. निघाला मागच्या सुट्टीतला, जेवणानंतरचा व्हिडिओ. सतराव्या मिनिटाला आई दाराकडे वळून बघते, तेवढ्यात तिच्या खांद्यावर हिरवे चौकोन उमटतात आणि अर्ध्या सेकंदात जातात.

आईला फोनवर दाखवलं. तिने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "कुठेय? मला तर मागचा पडदा किती मळलाय तेवढंच दिसतंय."