लापाच्या आठवणीतली कॅथरिन

२९ एप्रिल, रात्र

आज इटलीतल्या सिएना शहराच्या संत कॅथरिनचा सण. सकाळच्या मिस्सातील, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतील, प्रवचनात तिच्या पत्रांविषयी, आजच्या फ्रान्समधील अविन्यों शहरात राहणाऱ्या पोप अकराव्या ग्रेगरींना रोमला परतण्याची तिने केलेल्या विनवणीविषयी आणि १९७० साली पोप सहाव्या पॉल यांनी तिला दिलेल्या धर्मपंडितपदाविषयी, म्हणजे चर्चची थोर शिक्षिका या मानाविषयी, ऐकले. हे सारे मोठेच आहे. पण माझे मन दिवसभर त्याच्या कितीतरी आधीच्या मुलीपाशी, फोंतेब्रांदाच्या झऱ्याजवळच्या उतारावरील एका रंगाऱ्याच्या घरातच रेंगाळत राहिले.

कॅथरिनचा जन्म १३४७ सालचा. वडील जाकोमो बेनिनकासा कापड रंगवण्याचा व्यवसाय करीत आणि त्या धंद्याला लागणारे पाणी फोंतेब्रांदाचा झरा पुरवीत असे. आई लापा हिला एकंदर पंचवीस मुले झाली. त्यांतली तेविसावी आणि चोविसावी म्हणजे कॅथरिन व तिची जुळी बहीण जोव्हान्ना. जोव्हान्नाला दाईकडे दिले आणि ती लवकरच गेली. कॅथरिनला मात्र लापाने स्वतःच्या अंगावर पाजले. एकापाठोपाठ येणाऱ्या बाळंतपणांमुळे आधीच्या एवढ्या मुलांपैकी एकालाही तिला पुरते पाजता आले नव्हते, आणि म्हणूनच या मुलीवर तिचा सर्वांहून अधिक जीव होता. दुसऱ्याच वर्षी, १३४८ मध्ये, सिएनावर प्लेगची महाभयंकर साथ कोसळली आणि शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती नाहीशी झाली. त्या वर्षी एक वर्षाचे मूल पोटाशी धरून बसलेल्या लापाचा विचार मनात आला की पुढे घडलेल्या गोष्टींकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागते.

हसरी, सर्वांना हवीहवीशी वाटणारी ही मुलगी पाच वर्षांची असताना घराचा जिना चढता-उतरता प्रत्येक पायरीवर गुडघे टेकून ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणत असे. सहाव्या वर्षाच्या सुमारास, विवाहित बहीण बोनाव्हेंतुरा हिच्या घरून भाऊ स्तेफानोबरोबर परतताना, सान दोमेनिकोच्या चर्चच्या वर तिला सिंहासनावर बसलेला, पोपचा पोशाख केलेला ख्रिस्त दिसला, आणि त्याने तिला आशीर्वाद दिला. स्तेफानोने हात धरून ओढले तेव्हा तिची नजर क्षणभर खाली वळली. पुन्हा वर पाहिले तर काही नव्हते, आणि ती रस्त्यातच रडू लागली. या प्रसंगात मला सर्वाधिक खरे वाटते ते तिचे हे रडणे. पुढे एकदा एक पाव बरोबर घेऊन, एकांतवासी होण्यासाठी ती नगराच्या वेशीबाहेरच्या गुहेत जाऊन बसली, आणि संध्याकाळ होण्याआधी घरी परतली. सातव्या वर्षी तिने आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेतले. घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

बारावे वर्ष लागताच लापाने तिचे तोंड धुणे, केस विंचरणे, नीटनेटके कपडे घालणे मनावर घेतले, कारण मुलीचे लग्न ठरवायचे होते. कॅथरिन आईचे ऐकेना, तेव्हा लापाने लाडक्या बोनाव्हेंतुराला मध्ये घातले, आणि बहिणीच्या प्रेमाखातर कॅथरिन काही काळ नटूही लागली. १३६२ साली बोनाव्हेंतुरा बाळंतपणात मरण पावली. त्या दुःखात कॅथरिनचा निश्चय पक्का झाला, तर घरच्यांची लग्नाची घाई अधिकच वाढली. लहानपणापासून याच कुटुंबात वाढलेले, संत दोमिनिकच्या संघातले (दोमिनिकन) धर्मगुरू तोम्मासो देल्ला फोंते यांनी तिला सुचवले की निश्चय खरा असेल तर केस कापून टाक. तिने ते लगेच कापले आणि डोक्यावर फडके बांधले. लापाने फडके ओढून काढले, आणि घरात एकच आकांत झाला.

शिक्षा म्हणून तिची खोली काढून घेण्यात आली, मोलकरणीला रजा दिली गेली आणि सगळ्या घराचा स्वयंपाक व धुणीभांडी तिच्यावर सोपवण्यात आली, जेणेकरून प्रार्थनेला सवड आणि जागा दोन्ही उरू नयेत. त्यावर तिने जे केले ते मी आज पुन्हा वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. वडिलांच्या ठिकाणी ख्रिस्त, आईच्या ठिकाणी पवित्र मरिया आणि भावांच्या ठिकाणी प्रेषित आहेत असे मानून ती रांधत आणि वाढत राहिली, आणि बाहेरची खोली गेली म्हणून मनातच अशी खोली बांधली की जिच्यातून तिला कुणी बाहेर काढू शकणार नव्हते. लग्नापर्यंत मला स्वतःची खोली नव्हती, आणि त्यानंतरही माझी सारी प्रार्थना ओट्यापाशीच झाली आहे. त्यामुळे तिचे हे बांधकाम मला दूरचे वाटत नाही. पुढे कामाच्या ओझ्याने त्रासलेल्या रेमंड या आपल्या धर्मगुरूंनाही तिने हीच खोली बांधायला सांगितले.

एके दिवशी प्रार्थनेत असलेल्या कॅथरिनच्या डोक्यावर जाकोमोला पांढरे कबूतर दिसले. त्यानंतर तिला कोणीही त्रास द्यायचा नाही असे त्याने घरात बजावले, आणि तिला छोटीशी खोली परत मिळाली. लापाने तरीही हार मानली नाही. मन रमेल या आशेने तिने मुलीला विन्योनीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेले. तिथे कॅथरिन नेमकी कढत पाण्याची धार पडते तिथे जाऊन उभी राहिली. मग तिला देवीसारखा आजार झाला. अंगभर फोड आलेल्या त्या मुलीने आईपाशी एकच मागणी केली: मला मांतेल्लाते भगिनींमध्ये घ्यायला सांग. या भगिनी दोमिनिकन परिवारातल्या, काळा झगा घालून आपापल्या घरी राहणाऱ्या आणि बहुतेक विधवा; तरुण, अविवाहित मुलगी घ्यायला त्या बिचकत होत्या. मुलगी हातची जाते की काय या भीतीने स्वतः लापाच त्यांच्याकडे रदबदली करायला गेली.

या हकिकती आज आपल्याला माहीत आहेत, त्या तिचे धर्मगुरू असलेल्या याच रेमंड यांनी, कापुआच्या रेमंड यांनी, लिहिलेल्या चरित्रामुळे. आणि बालपणाचा मोठा भाग त्यांना सांगितला तो लापाने. ओढून काढलेले फडके, घरातली आरडाओरड, मुलीवर लादलेली कामे, यांतले काही लपवणे तिला अवघड नव्हते. कॅथरिन १३८० साली वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी रोममध्ये मरण पावली, तेव्हा लापा जिवंत होती, आणि तोवर तिनेही तोच काळा झगा स्वीकारला होता. इतकी मुले आणि नातवंडे डोळ्यांदेखत गेल्यावर ती म्हणत असे की देवाने माझा जीव शरीरात आडवा बसवला असावा, म्हणून तो बाहेर पडत नाही.