एकच इंजिन, दोन गाड्या आणि काकूंचे गुडघे

सकाळी आठला वर्कशॉपचं शटर वर केलं तेव्हा दोन्ही गाड्या पावसात उभ्या होत्या. पांढरी लेक्सस सीटी २००एच आणि तिच्या शेजारी राखाडी टोयोटा प्रियस. दोन्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या, आणि लेक्सस म्हणजे टोयोटाचाच महागडा ब्रँड. जून २०२३. ऑकलंडच्या हिवाळ्यात थंडी बेताची आणि पाऊस उदंड, त्यामुळे दोघी सारख्याच भिजलेल्या आणि सारख्याच चकचकीत दिसत होत्या.

माझं काम गाडी घेणाऱ्यासाठी ती आधी तपासून द्यायचं. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, मधे मी आणि गाडी वर उचलणारा माझा हॉइस्ट. न्यूझीलंडमध्ये जपानहून वापरून आलेल्या गाड्यांचा सुकाळ आहे. दोन्ही देशांत स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे तिथली गाडी बोटीतून उतरते, तपासणी आणि नोंदणी होते आणि इथल्या रस्त्याला लागते. म्हणून नव्या लेक्ससच्या वाटेला न जाणारी माणसंही जुनी लेक्सस घ्यायचं मनात आणू शकतात. त्या दिवशीचं गिऱ्हाईक तसंच होतं. नाशिकचं जोडपं, सोबत त्याची आई.

"ताई, लेक्सस आहे हो. साडेसोळा हजारात!" तो गाडीभोवती प्रदक्षिणा घालत म्हणाला.

"आणि प्रियस अकरा हजारात," ती म्हणाली. "साडेपाच हजार डॉलर म्हणजे आपलं पुढच्या वर्षीचं नाशिकचं तिकीट."

"प्रियस घेतली तर सिग्नलला कोणीतरी मागचं दार उघडून आत बसेल आणि एअरपोर्टला चला म्हणेल."

यात तथ्य होतं. इथे टॅक्सी आणि उबरवाल्यांची प्रियस इतकी लाडकी की खासगी प्रियसलाही लोक हात करतात. मला केलाय. मी स्वतः प्रियस चालवते, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेली. तेव्हा आधीच कबूल करते, निकाल माझ्या डोक्यात ठरलेला होता. शंभरातल्या नव्वद जणांना मी जे सांगते तेच यांना सांगायचं होतं. बिल्ल्याचे पैसे देऊ नका, प्रियस घ्या.

म्हणून आधी लेक्सस वर चढवली आणि त्याला खाली बोलावलं. बोनेटखालचं १७९८ सीसीचं इंजिन दोघींचं एकच, टू-झेडआर-एफएक्सई. इंजिन आणि मोटर मिळून दोघींची ताकद १०० किलोवॅट. मागे २०१.६ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, २८ मॉड्यूलची, तीही तशीच. नारिंगी केबल तशाच. शून्यापासून शंभरला दोघींनाही दहा सेकंदांवर लागतात, म्हणजे लेक्सस दिसते तेवढी पळत नाही. तो मान वर करून बघत राहिला. बिल्ला काढला तर खालून काय उरतं, हे माणसाला एकदा दाखवावं लागतं.

पण खोटं कशाला बोलू, खालून फरकही दिसतो. प्रियसला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एका तुळईला बांधलेली. सीटीला डबल विशबोन, प्रत्येक चाक आपापलं. माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या उंचसखल रस्त्यावर चक्कर मारली तर हा फरक कंबरेला कळतो. सीटी वळणावर गप्प चिकटून राहते. मधला गोल खटका फिरवून स्पोर्टवर टाकला की मीटरचा निळा उजेड लाल होतो आणि बॅटरी किती वापरतोय हे दाखवणारा काटा आरपीएम दाखवू लागतो. त्याचे डोळे चमकले. मागे बसलेल्या बायकोने माझ्याकडे आरशातून पाहिलं. तो आरसा मी सोयीने दुसरीकडे वळवला.

परत आल्यावर कागदावर हिशोब मांडला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या चाचणीत ही प्रियस गॅलनला ५० मैल देते आणि सीटी ४२. आपल्या भाषेत शंभर किलोमीटरला ४.७ लिटर आणि ५.६ लिटर. इंजिन एकच, मग फरक कशाचा? सीटी जरा जड, तिचे टायर रुंद, आणि वारा कापण्यात ती प्रियसइतकी निसरडी नाही. वाऱ्याचा अडथळा मोजणारा आकडा असतो, कमी तेवढा चांगला. प्रियसचा ०.२५, सीटीचा ०.२८. ज्या आकारामुळे प्रियस उंदरासारखी दिसते, तोच आकार पेट्रोल वाचवतो. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले तर १३५ लिटरचा फरक पडतो. लिटरला अडीच डॉलर धरले तरी ३४० डॉलरच्या आसपास. त्यात महिनाअखेरीस सरकारची लिटरमागे २५ सेंटची सवलत संपणार होती. टायर बदलायची वेळ आली की प्रियसचे १५ इंची टायर गल्लीबोळात मिळतात, सीटीच्या १७ इंचीला खिसा सैल सोडावा लागतो.

"म्हणजे लेक्सस महाग घ्यायची आणि महाग पोसायची," ती म्हणाली.

"आवाज नाही गं तिला," तो म्हणाला. "दार लावल्यावरचा आवाज ऐक."

दाराचा आवाज खरंच छान आहे.

मग काकू. सकाळपासून त्या माझ्या ऑफिसच्या खुर्चीत स्वेटरच्या बाह्या ओढून बसल्या होत्या. दोन्ही गुडघे दुखरे. मी म्हटलं, "काकू, जरा बसून दाखवता का दोन्हींत?" सीटी बुटकी गाडी. मागचं दार लहान, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही प्रियसपेक्षा १० सेंटिमीटर कमी, २६०० मिलिमीटर. काकू आधी पाठ टेकवून सीटवर अक्षरशः पडल्या, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. उतरताना एका हाताला मुलगा, दुसऱ्या हाताला सून.

"आत जाते मी," त्या म्हणाल्या, "पण बाहेर काढायला क्रेन ठेवा."

प्रियसमध्ये त्या स्वतः बसल्या आणि स्वतः उतरल्या. सुनेने हाताची घडी घातली. मुलगा काही बोलला नाही. माझ्या दृष्टीने खटला संपला होता. प्रियसचा फॉर्म भरून घेतला की जेवायला मोकळी.

आणि इथेच माझं चुकत होतं. मनात निकाल लागला की हात सैल पडतात. प्रियसला मी कॉम्प्युटर जोडला, बॅटरीच्या चौदा ब्लॉकचे व्होल्ट बघितले. ब्रेक दाबून जोर लावला तरी एकमेकांत ०.२ व्होल्टचा फरक, म्हणजे उत्तम. दोषाचे कोड एकही नाहीत. इतिहासाचा अहवाल स्वच्छ. विकणारा पंचविशीतला पोरगा, दारापाशी पावसाकडे बघत उभा. मी 'ठीक' 'ठीक' असे चौकोन भरत निघाले होते. एका ओळीवर पेन थांबलं. कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी फक्त ६१ किलोमीटर चालली होती. हे कोणी नुकतंच काहीतरी दुरुस्त केल्यावरही होतं, त्यात गुन्हा नाही. पण मी मागचं दार उघडून आत वाकले आणि वास आला.

ओडोनिल, व्हॅनिला असं काहीतरी सुगंधी लटकवलेलं होतं. त्याच्या खाली दुसरा वास होता. तो वास मला सांगलीचा ठाऊक आहे. २००५ साली कृष्णेचं पाणी उतरल्यावर आमच्या आण्णांच्या गॅरेजमध्ये ओळीने गाड्या उभ्या होत्या, मारुती ८००, इंडिका, एक ॲम्बॅसॅडर. मी आणि भाऊ खराट्याने गाळ काढत होतो. कुबट, गोडसर, ओल्या गोणपाटासारखा तो वास. कितीही शाम्पू करा, सीटच्या फोममधून तो महिनोन् महिने वर येत राहतो. आण्णा म्हणायचे, गाडी धुतली की डोळ्याला फसवते, नाकाला नाही.

ऑकलंडमध्ये २७ जानेवारी २०२३ ला एका दिवसात एवढा पाऊस पडला होता की एअरपोर्टच्या टर्मिनलमध्ये पाणी शिरलं आणि कितीतरी उपनगरांत रस्त्यावर उभ्या गाड्या बुडाल्या. त्याला पाच महिने होत आले होते.

मी मागचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. रोजच्या वापरात बेल्ट एवढा कधी बाहेर येत नाही, म्हणून धुणारा तिथे पोचत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ. सीटखालच्या बोल्टना भुरकट गंज. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिथून बॅटरीला गार ठेवणारा पंखा हवा ओढतो. टॉर्च मारला तर जाळीच्या आत वाळलेला गाळ, मैद्यासारखा बारीक. डिकीतला ट्रे उचलला. बॅटरीच्या पत्र्याच्या डब्यावर एक सरळ आडवी रेघ, पाणी किती चढलं होतं ते फूटपट्टीने आखल्यासारखी. हातमोजे होते, तरी मी त्याला बोट लावलं नाही. दोनशे व्होल्टची बॅटरी पाण्यात जाऊन आली असेल तर आज नीट वाचते, उद्या आतली पट्टी गंजून कुठे झिरपेल सांगता येत नाही. कॉम्प्युटर आजचं सांगतो.

अहवाल स्वच्छ कसा? इथे गाडीचा विमा सक्तीचा नाही. विमा कंपनीने भरपाई दिली तर बुडालेल्या गाडीची नोंद सरकारदरबारी होते. विमाच नसेल तर कोण कोणाला कळवणार? गाडी वाळवली, धुतली, विकली.

मी जोडप्याला ऑफिसात नेऊन फोटो दाखवले. बाहेर आले तर तो पोरगा पुढे आला. अहवाल घेणाऱ्याचा असतो, विकणाऱ्याला दाखवायची माझी पद्धत नाही. पण त्याचा चेहरा बघून मी एवढंच म्हटलं, "ही तू कधी घेतलीस?" मार्चमध्ये म्हणाला, ऑनलाइन, रोख देऊन. मग मला कळलं. त्यालाही कळलं. कोड पुसलेस का, हे मी विचारलं नाही. तो गाडीत बसला, चालू केली, प्रियस असल्यामुळे आवाजही झाला नाही, आणि गेला. राग त्याच्यावर यायला हवा होता, आला माझ्यावर. आणखी दोन चौकोन भरले असते तर सही झाली असती.

आता मैदानात एकच गाडी उरली, आणि तिच्यात काकूंना क्रेन हवी होती. मी म्हटलं, थांबा, दुसरी प्रियस बघा, या शहरात खंडीभर आहेत. मुलाचं तोंड एवढंसं झालं. मग काकू उठल्या, पाय ओढत सीटीपाशी गेल्या आणि पुढचं दार उघडून बसल्या. पुढचं दार मोठं, सीट मागे सरकते, पाय सरळ पसरता येतात. जरा हाश्शहुश्श झालं, पण एका हाताच्या आधाराने उतरल्याही.

"मी पुढे बसते," त्या म्हणाल्या. "ही बसेल मागे. तिचे गुडघे चांगले आहेत."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. आता वळवायला आरसा नव्हता.

मी दुसऱ्यांदा सांगितलं, घाई करू नका. त्यांनी मंगळवारी लेक्सस घेतली. माझ्या अहवालात तिच्यावर लिहिण्यासारखं बंपरच्या एका ओरखड्यापलीकडे काही नव्हतं, आणि सीटबेल्ट मी चारही बाजूंचे शेवटपर्यंत ओढून बघितले होते.

महिन्याभराने तिघं परत आले. जपानी एफएम रेडिओ ७६ मेगाहर्ट्झपासून पुढे जेमतेम ९० पर्यंत जातो, इथली बरीच स्टेशनं त्याच्या वर, तेव्हा ती ऐकू यावीत म्हणून बँड एक्स्पांडर नावाची डबी बसवायची होती. काकू पुढेच बसल्या होत्या, शाल घेऊन. त्याने बटण दाबलं तशी डॅशबोर्डमधून एक बाई जपानीत नम्रपणे काहीतरी बोलली.

"ही रोज काय म्हणते गं?" काकूंनी मला विचारलं.

"टोलचं कार्ड घातलं नाहीये म्हणते, काकू. जपानातल्या टोलचं."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "मी रोज तिला 'हो, बसले नीट' म्हणते."

मागच्या सीटवरून सून हसली. तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकलेले होते.